माहीत असलेले वजन

गेल्या नऊ तिमाह्या गुंज आपल्या आईला रांगेत ताटकळत ठेवत होती, आणि दोघी रोज एकाच टेबलावर जेवत होत्या.

रांग डोळ्यांना दिसणारी नव्हती. गुंज ज्या कंपनीत कामाला होती ती वजनकाटे बनवते. दुकानातले, दवाखान्यातले, प्रयोगशाळेतले. दर तीन महिन्यांनी नफ्याचे आकडे जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कंपनीचे वरिष्ठ एका लांबट खोलीत फोनभोवती बसत आणि तासभर प्रश्नांना उत्तरे देत. कंपनीचा एक जरी शेअर ज्याच्याकडे आहे त्याला हा कॉल ऐकता येई. प्रश्न विचारायचा असेल तर फोनवर स्टार आणि एक अशी दोन बटणे दाबायची. दाबली की नाव गुंजच्या पडद्यावर उमटे. कोणाला कितव्या क्रमाने बोलू द्यायचे ते गुंज ठरवी आणि लाइनवरच्या ऑपरेटरबाईंना कळवी. मोठ्या गुंतवणूक संस्थांचे विश्लेषक आधी, छोट्या संस्थांचे मग, आणि वेळ उरलाच तर बाकीचे. पडद्यावर त्या शेवटच्या गटाचे नाव ‘इतर’ असे होते.

आई इतरांत होती.

आईने त्याच कंपनीत एकतीस वर्षे काढली होती, आणि तीही एकाच खोलीत. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक काटा ज्या मूळ वजनांशी ताडून पाहतात, त्या वजनांची पेटी त्या खोलीत असे. वजनांना बोट लावायचे नाही, चिमट्याने उचलायचे; जवळ बोलायचेसुद्धा नाही, कारण श्वासाच्या उबेने काटा हलतो. कारखान्यात तिला सगळे मिलिग्रॅमबाई म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. ती निवृत्त झाली तेव्हा कंपनीने जुन्या कामगारांना थोडे थोडे शेअर वाटले. “लोकांना निरोपाला घड्याळ मिळतं,” बाबा म्हणाले होते, “हिला प्रश्न विचारायचा परवाना मिळाला.” बाबा बसमध्ये कंडक्टर होते, त्यांच्या मते घरात आधीच पुरेसे प्रश्न होते.

मुलीचे गुंज हे नावही बाबांनीच पाडले. जन्मली तेव्हा काटा जेमतेम हलला. बाबा म्हणाले, ही तर गुंजभर आहे. आई म्हणाली, काटा शून्यावर होता का ते आधी बघा. शाळेतले नाव वेगळे होते, पण ते शाळेतच राहिले.

गुंजला त्या कंपनीत नोकरी लागली त्या दिवशी आईने घरात एक नियम केला. “तू घरी कंपनीतलं काही सांगायचं नाही, आणि मी विचारणार नाही. जे सगळ्यांना सांगितलं नाही ते मला सांगायचं नाही.” कायदाही जवळपास तसाच आहे, पण आई कायद्याच्या दोन पावले पुढे गेली. कँटीनमधला चहा सुधारला का, एवढेही तिने कधी विचारले नाही.

आणि दर तिमाहीला अकरा वाजता ती घरच्या फोनवरून स्टार आणि एक दाबत असे.

“प्रश्न तरी काय आहे तुझा?” गुंजने एकदा वैतागून विचारले होते.

“तुला सांगितला तर तू त्यांना तयार करून ठेवशील.”

“आई, मी असं करेन?”

“मुद्दाम नाही करणार. पण तोंडावर येईल तुझ्या. तुझ्या तोंडावर पहिलीपासून सगळं येतं.”

“मग इथेच विचार ना मला. मला उत्तर माहीत असेल तर—”

“घरात विचारलेल्याचं उत्तर घरापुरतं असतं,” आई म्हणाली. विषय संपला.

त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, अर्थप्रमुखांनी गुंजला बोलावून घेतले. हे गृहस्थ कंपनीचा सगळा आर्थिक कारभार पाहत. नीटनेटके, वेळेचे पक्के, आवाज न चढवता बोलणारे. त्यांच्याशी वाद घालणे अवघड जाई, कारण बहुतेक वेळा त्यांचे बरोबर असे.

“गेल्या कॉलमधला तो शिंपी आठवतो?” त्यांनी विचारले.

आठवत होता. विसरणार कसा? वीस शेअर्सचा मालक, एक शिंपी. गेल्या खेपेला पाच-सहा मिनिटे उरली होती म्हणून गुंजने त्याला लाइन दिली. कंपनीच्या पत्रावर त्याचे नाव चुकीचे छापून येते ही त्याची तक्रार. ती त्याने आजोबांपासून सुरू केली. सहा मिनिटांनी तो वडिलांपर्यंत पोचला होता, आणि तेवढ्यात तीन विश्लेषकांनी फोन ठेवले.

“त्याच्या आधी ते गृहस्थ, ज्यांना घरी वापरायला एक काटा फुकट हवा होता. त्याआधीच्या बाईंनी आमचं कौतुक केलं, तेही कवितेत.” अर्थप्रमुख हसले नाहीत. “मी कोणाला कमी लेखत नाहीये. पण तासाची किंमत असते. विश्लेषक आठवडाभर ताळेबंद वाचून येतात. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी सगळ्यांनाच ऐकू येतं, शिंप्यालासुद्धा. मग पुढच्या तिमाहीपासून असं करू: फोनवर फक्त विश्लेषक. बाकीच्यांनी प्रश्न लिहून पाठवावेत, आपण निवडक उत्तरं संकेतस्थळावर टाकू. तुम्ही याची शिफारस लिहून द्या. गुरुवारी कॉल आहे, शुक्रवारी मला द्या.”

“मी लिहू?”

“रांग तुम्ही सांभाळता. तुमच्या नावाने गेली तर वजन पडेल.” मग फाइल बंद करत त्यांनी सहज म्हटल्यासारखे म्हटले, “विभागप्रमुखाची जागा पुढच्या महिन्यात भरायची आहे, तुम्हाला माहीतच आहे.”

गुंज जागेवर येऊन बसली. खरे सांगायचे तर तिला त्यांचे म्हणणे पटत होते. नऊ तिमाह्या तिने ती रांग पाहिली होती. इतरांचे प्रश्न म्हणजे गल्लीतल्या दुकानांचे काटे: कुठला कुठे झुकेल सांगता येत नाही. शिफारस लिहायला अर्धा तास पुरला असता. पण ती लिहिली की गुरुवारचा कॉल आईचा शेवटचा, आणि घरातल्या नियमाप्रमाणे हे आईला सांगता येणार नव्हते. मागे नियम करताना आईने याचा विचार केला असेल का? केला असणार. तिने विचारात घेतली नाही अशी बाजू सहसा सापडत नसे.

बुधवारी जेवताना गुंज म्हणाली, “समजा, एखाद्या ठिकाणी—”

“समजा म्हणून कंपनीतलं सांगायचं नाही,” आई म्हणाली.

“कंपनीतलं नाही गं. बसमधलं. समजा बाबा, तुमच्या गाडीत घंटीची दोरी फक्त पुढच्या चार बाकांवरच्यांनाच ओढता आली असती तर?”

बाबांनी घास हातातच धरला. “पुढच्या बाकांवर कोण?”

“ज्यांनी जास्त पैसे भरलेत. लांब जाणारे.”

“आणि मागच्यांनी उतरायचं कसं?”

“चिठ्ठी लिहून पाठवायची पुढे. तुम्ही वाचून ठरवायचं, कोणासाठी थांबायचं ते.”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईला उठून पाणी द्यावे लागले. “अगं, चिठ्ठी माझ्यापर्यंत यायच्या आत चार थांबे गेले असते! आणि मी ती वाचणार कधी, सुट्टे मोजताना?”

“हसू नका,” गुंज म्हणाली. “सगळ्यांच्या हाताशी दोरी दिली तर कोणीही ओढतं. पोरं ओढतात. उभ्याउभ्या डुलकी घेणारा धरायला जातो आणि ओढतो. गाडी पोचायची कधी?”

“ओढतात की. छत्तीस वर्षं बघितलं. शिव्या घातल्या, कान पिळले. पण दोरी कापा असं कोणी म्हटलं नाही.” ते पुन्हा जेवायला लागले, आणि दोन घासांनंतर म्हणाले, “एकदा मागचं दार नीट लागलं नव्हतं. पुढच्या चार बाकांना ते दिसणार होतं होय?”

आई गुंजकडे पाहत होती. “बस बरीच मोठी दिसते तुझी,” ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

गुंजला तोंडाचा राग आला. आईच्या नव्हे, स्वतःच्या.

गुरुवारी सकाळी निघताना तिला आईची पर्स दारातल्या खुंटीवर दिसली. त्या पर्समध्ये पितळेचे दोनशे ग्रॅमचे एक वजन असते, आणि ते तिथे गुंजच्या जन्माआधीपासून आहे. नव्या दुकानात गेली की आई भाजी घ्यायच्या आधी ते वजन दुकानदाराच्या काट्यावर ठेवते. लहानपणी गुंजला याने मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. दुकानदार चिडायचे. “बाई, आमच्यावर विश्वास नाही?” “विश्वास आहे हो. किती ठेवायचा ते बघते,” आई म्हणायची. आणि काटा चुकीचा निघाला तरी ती दुकान सोडत नसे. “किती चुकतो ते कळलं की झालं. तेवढं वजा करायचं. ज्याची चूक माहीत आहे तो काटा चांगलाच असतो. भीती ज्याची चूक माहीत नाही त्याची.” एका दुकानदाराने काटाच आत नेऊन ठेवला, तेव्हा मात्र ती तिथे पुन्हा गेली नाही.

अकरा वाजले. लांबट खोलीत टेबलाच्या एका टोकाला मोठे साहेब बसले. कंपनीचे सर्वोच्च अधिकारी, पण सुरुवात फिरता विक्रेता म्हणून केलेली. बोलताना अजूनही समोरचा उठून जाईल अशा घाईने बोलत. शेजारी अर्थप्रमुख, कागदांची चवड काटकोनात लावून. दुसऱ्या टोकाला गुंज, तिचा पडदा आणि ऑपरेटरबाईंशी बोलायचा वेगळा फोन.

पहिला विश्लेषक म्हणाला, पुढच्या तिमाहीत नफ्याचे प्रमाण कुठे स्थिरावेल? अर्थप्रमुखांनी उत्तर दिले. दुसरा म्हणाला, कच्च्या मालाचे भाव पाहता नफ्याचे प्रमाण टिकेल का? तिसरीने निर्यातीपासून सुरुवात केली, तेव्हा गुंजला बरे वाटले. पण वळसा घालून तीही नफ्याच्या प्रमाणावर आली. गुंजने सवयीने कागदावर रेघा ओढल्या. पन्नास मिनिटांत नऊ प्रश्न, त्यातले सात एकाच आकड्याबद्दल. हुशार, अभ्यासू, मुद्देसूद माणसे होती सगळी. पण एकाच साच्यातले सात काटे एकाच बाजूला झुकतात. सातांवर तोलले म्हणून वजन जास्त खरे होत नाही. वेडेवाकडे का होईना, वेगवेगळ्या बाजूंना चुकणारे काटे असले तर सरासरीला काही अर्थ येतो. हे तिला कॉलेजात शिकवले होते. इतकी वर्षे तिने ते फक्त काट्यांना लावले होते.

घड्याळात अकरा बावन्न झाले. एका मोठ्या संस्थेच्या विश्लेषकाने दुसऱ्यांदा बटण दाबले होते. त्याच्याखाली इतर, सतरा नावे. सर्वांत खाली आई.

गुंजने आईच्या नावापुढची वेळ पाहिली. अकरा वाजून चार सेकंद. आईने सर्वांआधी दाबले होते. दर वेळी तीच सर्वांआधी दाबत असणार. इतरांची यादी यंत्र वेळेप्रमाणेच लावते. म्हणजे ते नाव आपोआप इतरांत पहिले आले असते. ते तळाला होते, कारण सकाळी अकरा वाजून एक मिनिटाने गुंजने ते बोटाने ओढून तळाला नेले होते. दर तिमाहीला नेत होती. आपली आई आहे, कोणी म्हणायला नको. हे ती इतक्या सवयीने करत असे की त्याला ती प्रामाणिकपणा समजत होती. गेल्या खेपेला शिंप्याला मिळालेली सहा मिनिटे खरे तर आईची होती.

कारखान्याच्या त्या खोलीत भिंतीवर एक पाटी होती, आईच्याच अक्षरातली. गुंज लहानपणी तिथे बसून अभ्यास करायची तेव्हा तिने ती शंभरदा वाचली होती: ‘दुरुस्ती एकदाच करावी.’ काटा दोन ग्रॅम जास्त दाखवत असेल तर दोन वजा करायचे. ते आधी कोणी वजा केले आहेत हे न पाहता आपण पुन्हा वजा केले, तर काटा उलट्या बाजूला तेवढाच चुकतो. आणि ही चूक गबाळ्या माणसाची नव्हे, काळजीवाहू माणसाची. यादीने आईला इतरांत टाकले होते. वर गुंजने तिला, आई म्हणून, आणखी सोळा घरे खाली ढकलले होते.

तिने ते नाव वर नेले नाही. हाताने ओढलेल्या नावापुढे पडद्यावर एक खूण राही, ती फक्त काढून टाकली. नाव आपसूक आपल्या जागी गेले.

विश्लेषकाचा दुसरा प्रश्न राहिला होता. गुंजने फोन उचलला. “यापुढे इतर घ्या. पहिलं नाव,” ती ऑपरेटरबाईंना म्हणाली.

“पुढचा प्रश्न एका वैयक्तिक भागधारकांचा. बोला.”

अर्थप्रमुखांनी घड्याळाकडे पाहिले, मग गुंजकडे.

“नमस्कार,” आईचा आवाज खोलीत आला. घरात येतो त्यापेक्षा लहान. “माझा प्रश्न साधा आहे. कारखान्यातल्या मूळ वजनांची पेटी तपासणीसाठी बाहेरच्या सरकारी प्रयोगशाळेत शेवटची कधी गेली?”

मोठे साहेब पुढे झुकले, पण अर्थप्रमुखांनी हात किंचित वर केला. हे मी बघतो.

“चांगला प्रश्न आहे,” ते म्हणाले. “अचूकता हा आमच्या व्यवसायाचा पाया आहे. आमच्या सर्व प्रमाण वजनांची तपासणी ठरलेल्या वेळापत्रकानुसार, काटेकोरपणे होते, आणि त्यात कधीही खंड पडलेला नाही. धन्यवाद.”

“आभारी आहे,” आई म्हणाली. “तारीख राहिली.”

एका वेळी एकच प्रश्न, हा नियम. ऑपरेटरबाईंनी हळूच गुंजला विचारले, “कापू?” गुंजने टेबलाकडे पाहिले. मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठी होती, रागाची नव्हे. खिशात चाचपल्यावर किल्ली सापडत नाही तेव्हा पडते तशी.

“नको,” ती म्हणाली. “प्रश्न तोच आहे.”

मोठे साहेब फोनच्या जवळ सरकले. “बाई, तारीख मला माहीत नाही,” ते म्हणाले. “यांनाही माहीत नाही. आजच विचारतो आणि उद्या संध्याकाळच्या आत संकेतस्थळावर टाकतो. चालेल?”

“चालेल,” आई म्हणाली, आणि फोन ठेवून दिला. दीड मिनिट झाले होते.

उरलेल्या वेळात एका माणसाने लाभांशाची तारीख विचारली आणि एका बाईंनी मोठ्या साहेबांना दीर्घायुष्य चिंतिले. कॉल संपला.

“या बाई कोण?” अर्थप्रमुखांनी विचारले. आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीत होता.

“माझी आई,” गुंज म्हणाली.

मोठे साहेब एकदम सरळ बसले. “मिलिग्रॅमबाई? तुम्ही मिलिग्रॅमबाईंच्या? तरीच! अहो, मी विक्रीत होतो तेव्हा त्यांनी माझे चाळीस काटे दारातून परत फिरवले होते. गिऱ्हाईक बाहेर उभं!” मग हसू विरले. “त्यांना ती तारीख माहीत नव्हती?”

“माहीत असणार. पेटीचं प्रमाणपत्र आपल्याच संकेतस्थळावर आहे. सगळ्यात खाली, पण आहे.”

“मग विचारलं कशाला?”

गुंजला उत्तर त्याच क्षणी कळले, आणि इतकी वर्षे कळले नव्हते याचे नवल वाटले. “नवा काटा असला की ती आधी माहीत असलेलं वजन ठेवते,” ती म्हणाली. “काटा किती दाखवतो ते बघायला. मग पुढचं तोलायचं.”

“म्हणजे आमची परीक्षा घेतली,” अर्थप्रमुख म्हणाले.

“परीक्षेत नापास होता येतं, सर. इथे फक्त किती वजा करायचं ते कळतं.”

त्यांनी कागद उचलले, पुन्हा काटकोनात लावले आणि मग म्हणाले, “आणि तुम्ही आईला रांगेत पुढे घेतलंत.”

“पुढे नाही घेतलं. मागे ढकलायचं थांबवलं. पण हे मी सांगून तुम्ही कशाला मानाल? मीसुद्धा मानलं नसतं.”

शुक्रवारी तिने शिफारस लिहायला घेतली. आधी जुनी कागदपत्रे काढली. लिहायच्या आधी पाहून घेणे ही घरची खोड. त्या शिंप्याचे प्रकरण पुराव्यासाठी हवे म्हणून तिने कंपनीने त्याला पाठवलेली पत्रे शोधली. मूळ पत्रावर नाव चुकले होतेच. कॉलनंतर त्याला माफीचे पत्र गेले होते. त्या पत्रावरही नाव चुकीचेच होते. त्यानंतरच्या लाभांशाच्या कागदावरही. सहा मिनिटे सगळ्या खोलीने त्याचे ऐकून घेतले होते, आणि ऐकले कोणीच नव्हते. कविता करणाऱ्या बाईंबद्दल मात्र तिला काही सापडले नाही. कविता ही कविताच होती.

मग तिने लिहिले. शेवटची पंधरा मिनिटे इतरांसाठी राखावीत. प्रत्येकाला एक मिनिट, एक प्रश्न, आणि त्याच प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत लाइन कापू नये. नावे यंत्राने सोडत काढून निवडावीत, शेअर किती ते न पाहता. बरेचसे प्रश्न निरुपयोगी असतील, हे गृहीत धरावे. विश्लेषकांचे किती उपयोगी होते ते सोबतच्या तक्त्यात पाहावे. शेवटी एक परिच्छेद: ‘काल ज्यांनी प्रश्न विचारला त्या माझ्या आई आहेत. गेल्या नऊ कॉलमध्ये मी त्यांचे नाव हाताने खाली नेले, काल नेऊन परत जागेवर सोडले. दोन्ही निर्णय माझ्या हातात असायला नको होते. रांगेचे काम माझ्याकडून काढून घ्यावे.’ तिने शिंप्याचे तीन कागद जोडले, त्याचे नाव नीट लिहून पत्रविभागाला वेगळी चिठ्ठी पाठवली, आणि दोन्ही गोष्टी चार वाजायच्या आत पोचत्या केल्या.

अर्थप्रमुखांनी शिफारस तिच्यासमोरच वाचली. “मी हे मागितलं नव्हतं,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“वर पाठवतो. माझं विरोधी मत जोडून.” दारापर्यंत गेलेल्या तिला थांबवून ते म्हणाले, “पेटीला चौदा महिने झालेत. नियम बारांचा. मी चौकशी केली.” ते खिडकीबाहेर पाहत होते. “मला खरंच वाटलं होतं की खंड पडलेला नाही.”

पाच वाजता ती तारीख संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर आली. शेअरचा भाव हलला नाही. कोणी बघितलेही नसेल. पेटी सोमवारी प्रयोगशाळेत गेली. घरी आईने त्यावर आधी दोनच शब्द उच्चारले. “दोन महिने,” ती म्हणाली, कोणाचा काटा किती पुढे आहे ते वहीत टिपून ठेवल्यासारखी, आणि जरा वेळाने, “तुमच्या मोठ्या साहेबांचं शून्य बरोबर आहे. माहीत नाही म्हणता येतं त्यांना.”

गुंजला विचारायचे होते, मला नऊ वेळा का नाही सांगितलंस की मी तुला खाली ढकलतेय? पण आईला ते माहीत असायचे कारणच नव्हते. पडदा गुंजकडे होता.

विभागप्रमुखाची जागा बाहेरून आलेल्या एका माणसाला मिळाली. गुंजला वार्षिक अहवालाच्या कामावर घेतले, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. महिनाभराने सूचना निघाली: शेवटची दहा मिनिटे, सोडतीने. पंधरा मागितली होती. आईने ती सूचना सगळ्यांबरोबर वाचली, आणि खाली नव्या संपर्काचे नाव वाचल्यावर तिने वर्तमानपत्र वाचत असलेल्या बाबांना उठवून गुंजच्या आवडीची भाजी आणायला पिटाळले. ती काही बोलली नाही, त्यामुळे गुंजलाही काही बोलता आले नाही.

पुढच्या कॉलला गुंज आपल्या खिडकीपाशी बसून, इतर कोणीही ऐकतो तशी ऐकत होती. सोडतीत चार नावे निघाली. पहिल्याने अमुक शहरात दुरुस्तीचे केंद्र का नाही असे विचारले, दुसऱ्याने कंपनीला अजिबात संबंध नसलेले काहीतरी. तिसरा म्हणाला, “मी शिंपी. आधी आभार, या वेळी नाव बरोबर आलं. आता प्रश्न,” आणि त्याने दवाखान्यातल्या काट्यांची हमी दोन वर्षांवरून एकावर का आणली ते विचारले. मग अर्थप्रमुखांचा आवाज आला, एरवीपेक्षा सावकाश: “याचं नेमकं कारण मला आत्ता माहीत नाही. आठवड्यात कळवतो.”

आईचे नाव निघाले नाही.

जेवताना बाबा म्हणाले, “सोडतच ती. कधी लागते, कधी नाही. आमच्या गाडीतही सगळ्यांना बसायला मिळायचं नाही.”

“मला कुठे काय वाटतंय?” आई म्हणाली. “शिंप्याने चांगलं विचारलं. मला नसतं सुचलं.”

गुंजने न राहवून विचारले, “मागच्या वेळी तू फक्त माहीत असलेलं वजन ठेवलंस. मग खरा प्रश्न काय होता?”

“आहे,” आई म्हणाली. “होता नाही.”

“आता तर माझ्याकडे रांग नाही. आता सांगायला काय हरकत आहे?”

आईने तिच्या ताटात भाजी वाढली, हात मागे घेतला, आणि अंदाज घेऊन आणखी थोडी वाढली.

“नाव निघालं की विचारेन,” ती म्हणाली. “तू ऐकत जा.”